किक मारण्याआधी: जुन्या मोटरसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत आरोपी एकच आहे: कार्ब्युरेटर. गाडी मिसिंग मारते, कार्ब्युरेटर खोलला. गरम झाल्यावर बंद पडते, कार्ब्युरेटर खोलला. आमचा क्रम वेगळा आहे. आधी कॉम्प्रेशन, मग स्पार्क, आणि सगळ्यात शेवटी पेट्रोल. उत्तरंही त्याच क्रमाने लावली आहेत.

प्रश्न: कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० बारा वर्षं उभी होती. किक जागची हलत नाही. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून दोन दिवस ठेवलं, फरक नाही. किकवर उभं राहून जोर लावला तर सुटेल का?

सुटण्याआधी किकचे दाते तुटतील, आणि ते बदलायला गिअरबॉक्स खोलावा लागेल. जोर किकवर लावायचाच नाही.

नुसतं डिझेल गंजात फारसं शिरत नाही. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं घ्या. अ‍ॅसिटोन तेलाला रिंगच्या फटीपर्यंत नेतं आणि उडून जातं. तेल तिथेच राहतं. ही दोन्ही एकजीव होत नाहीत, थोड्या वेळात वेगळी होतात, म्हणून ओतण्याआधी दर वेळी बाटली हलवा. टाकीवर थेंब पडला तर रंग जाईल, टाकी आधीच उतरवून ठेवा. जवळपास आग किंवा ठिणगी नको, हे सांगायला नको. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉड नावाच्या दांड्यांची फट जुळवणारे स्क्रू) पूर्ण ढिले करा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बसतील. नाहीतर ओतलेलं सगळं उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरमध्ये जाईल. ५०-६० मिलिलिटर आत सोडा आणि चार-पाच दिवस रोज पातळी बघून भर घाला.

मग गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे झुलवा. टॉप गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकपर्यंत सगळ्यात जास्त पोचतो. एका दिशेने रेटू नका. पाव इंच पुढे, पाव इंच मागे, असं करत हालचाल वाढवत न्यायची.

सुटल्यावर लगेच किक मारायचा मोह होतो, तो आवरा. पिस्टन जिथे बारा वर्षं थांबला होता तिथे बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचं कडं पडलेलं असतं. त्यावरून रिंग फिरवल्या तर रिंग जातात आणि गंजाची पूड पिस्टन ओरबाडते. हेड आणि सिलिंडर उतरवा. कड्यावरून नख फिरवा: नख अडलं तर होनिंगने (भिंत हलकी घासून) भागणार नाही, बोअर करून (सिलिंडर आतून कातून) पुढच्या साइझचा पिस्टन टाकावा लागेल. अडलं नाही तरी बोअरगेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, म्हणजे गाडीच्या लांबीत आणि रुंदीत, माप घ्या. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगच्या शेवटच्या टप्प्याच्या जरा खाली सापडते. रिंग पोचतच नाही त्या अगदी वरच्या काठावर मूळ माप मिळतं. बुलेट ३५० चा मूळ बोअर ७० मि.मी. आहे. फरक ०.१० मि.मी.च्या आसपास गेला असेल तर नुसत्या नव्या रिंग टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवी रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये टाका, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) बघा. बोअरच्या दर २५ मि.मी.ला ०.१० मि.मी. हा जुना हिशोब अजून चालतो. ७० मि.मी.ला साधारण ०.२८ येतं. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते किंवा बोअर ओरबाडते. टोक घासायचं ते बारीक कानशीने, बाहेरून आत.

सिलिंडर उतरलेलाच आहे तर कनेक्टिंग रॉडही बघून घ्या. क्रँक अशा जागी आणा की रॉड वर-खाली ओढता येईल. बाजूला थोडा हलला तर चालतं. वर-खाली हाताला अजिबात जाणवता कामा नये. जाणवलं तर क्रँक बाहेर काढावाच लागेल. हे आत्ता कळलेलं बरं.

इंजिन पुन्हा जोडलं की तळाचा ड्रेन बोल्ट काढून साचलेलं तेल सोडा, नवं तेल भरा आणि प्लग काढूनच पन्नासेक किका मारा, म्हणजे पंप तेल चढवेल. टॅपेट जुळवायचे ते थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला असताना: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

प्रश्न: पॉइंटवाली बुलेट किक मारताना उलट झटका देते. घोट्याला दोनदा लागलं. पॉइंट नवे आहेत. मेकॅनिक म्हणतात कॉम्प्रेशन जास्त आहे.

कॉम्प्रेशनमुळे पाय जड लागतो. झटका बसतो तो स्पार्क लवकर पडल्यामुळे. किकच्या वेळी इंजिन इतकं हळू फिरत असतं की पिस्टन टॉपला पोचायच्या आत पेटलेल्या वायूचा दाब त्याला मागे ढकलतो. नवे पॉइंट (उघडले की स्पार्क पडतो ते संपर्क) टाकल्यावर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, बघितलं नसेल तर हे होणारच, कारण पॉइंटची फट वाढली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं. म्हणून फट आधी, टायमिंग नंतर. उलट क्रमाने केलं तर टायमिंग पुन्हा बिघडतं.

नव्या पॉइंटच्या तोंडावर गंजरोधक तेलाचा पापुद्रा असतो. पेट्रोलमध्ये भिजवलेल्या जाड कागदाने पुसा. जुने पॉइंट साफ करायला पॉलिशपेपर नको, त्याचे कण धातूत रुततात. पॉइंटसाठीची चपटी बारीक कानस वापरा. पॉइंट कॅमच्या सगळ्यात उंच भागावर असताना फट ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवा. फीलर गेजची पट्टी हलका अडथळा देत सरकली पाहिजे.

आता टायमिंग. प्लग काढा, गाडी टॉप गिअरला टाका, मागच्या चाकाने इंजिन फिरवा. दोन्ही पुशरॉड मोकळे फिरतात तो कॉम्प्रेशनचा टॉप. प्लगच्या भोकात डायल गेज बसवा. गेज नसेल तर सरळ स्पोक उभा धरून त्यावर खुणा करूनही चालतं, पण आठ दशांश मि.मी. डोळ्यांनी मोजणं अवघड आहे. गेज मागून आणा. टॉपला गेज शून्य करा. मग पिस्टन टॉपच्या बराच मागे न्या, आणि इंजिन फिरायच्या दिशेनेच हळूहळू वर आणत टॉपच्या ०.८ मि.मी. आधी थांबा. सरळ मागे नेऊन तिथेच थांबलात तर टायमिंगच्या गिअरमधला ढिलेपणा मापात शिरतो. ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ती बाहेर पसरून स्पार्क लवकर पाडतात) आत मिटलेली, म्हणजे पूर्ण रिटार्डला, स्पार्क सगळ्यात उशिरा पडेल अशी असली पाहिजेत.

याच जागी पॉइंट उघडायला सुरुवात व्हायला हवी. बॅटरी-कॉइलच्या गाडीत छोटा बल्ब घ्या. एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनला. चावी चालू. पॉइंट बंद असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. बेसप्लेटचे स्क्रू ढिले करून ती एवढीशी सरकवत राहा, बल्ब लागण्याचा नेमका क्षण ०.८ वर येईपर्यंत. स्क्रू आवळताना प्लेट हमखास थोडी फिरते, म्हणून आवळल्यावर परत एकदा सगळं तपासा. मॅग्नेटोच्या गाडीत हा बल्ब काम करत नाही, कारण मॅग्नेटोची गुंडाळी पॉइंटला जोडलेलीच असते आणि करंट तिच्यातून निघून जातो. तिथे सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलका ओढत राहायचं. कागद सुटला की पॉइंट उघडले.

एवढं करूनही झटका बसला तर अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंग बघा. वजनं हाताने बाहेर ओढून सोडा. ती झटकन परत आली नाहीत, जुन्या घट्ट ग्रीसमुळे अर्धवट बाहेरच राहिली, तर गाडी किकच्या वेळीही अ‍ॅडव्हान्सलाच असते आणि तुमची सगळी मापं फुकट जातात. रॉकेलने धुवा, शाफ्टला थेंबभर तेल द्या, स्प्रिंग ताणलेल्या असतील तर बदला.

कॅमला ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच चोळा. कोरडा कॅम पॉइंटची फायबरची टाच झिजवतो, फट कमी होते आणि टायमिंग मागे जातं. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला पटकन बसते, त्यामुळे ३००-५०० किलोमीटरनंतर फट पुन्हा बघायचीच.

प्रश्न: गाडी थंड असताना पहिल्या किकला सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांनी मिसिंग मारते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. कार्ब्युरेटर तीनदा साफ केला.

चौथ्यांदा करू नका. हे कंडेन्सरचं (पॉइंटमधली ठिणगी आवरणारा भाग) किंवा कॉइलचं (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी गुंडाळी) लक्षण आहे. बंद पडल्यावर लगेच, इंजिन गरम असतानाच, प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारा. मात्र प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. स्पार्क पिवळा आणि बारीक, आणि पॉइंटमध्ये मात्र जाड निळी-पांढरी ठिणगी, असं दिसलं तर कंडेन्सर गेला. तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो आणि मीटरवर थंड असताना बरोबर दिसतो, म्हणून फसवतो. पॉइंटमध्ये ठिणगी नेहमीसारखीच बारीक, पण प्लगला काहीच नाही, तर कॉइलकडे वळा.

एक शक्यता राहते: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं. बंद पडल्यावर झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर कॉइल विकत घेऊ नका.

प्रश्न: मिकुनी पद्धतीचा व्हीएम कार्ब्युरेटर आहे. हवेचा स्क्रू कितीही फिरवला तरी स्लोवर (मूठ सोडल्यावरच्या चालीवर) फरक पडत नाही. जेट बदलायचे तर कोणता आधी?

फरक न पडण्याची कारणं दोन, आणि पहिलं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्लोचा स्क्रू इतका आत घेतलेला असतो की कार्बचा पिस्टन वर राहतो आणि गाडी पायलट जेटवर (स्लोचं पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकावर) चालतच नाही, त्या पिस्टनला लटकलेल्या सुईवर चालते. मग हवेच्या स्क्रूला कोण विचारतो? दुसरं कारण, पायलटची वाट बुजलेली. पायलट जेट काढून उजेडाकडे धरा, गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई किंवा पिन घालू नका, पितळ मऊ असतं. वायरमधली तांब्याची एक केसासारखी तार आणि दाबाची हवा पुरते. जेटच नाही, बॉडीतली बारीक भोकंही फुंकून घ्या.

जुळवणी इंजिन पूर्ण गरम असताना, म्हणजे दहा मिनिटं चालवून आल्यावर. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करा (आवळलात तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतील) आणि दीड फेरी उघडा. स्लो नीट कमी करा. मग पाव-पाव फेरी फिरवत इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं ती जागा शोधा, स्लो पुन्हा कमी करा, पुन्हा शोधा. या कार्बमध्ये स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे: आत घेतला की हवा कमी, मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. काही कार्बमध्ये स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोलचा असतो, तिथे सगळं उलटं. ऐकीव सल्ल्यांतला अर्धा गोंधळ यातूनच होतो. सर्वोत्तम जागा एका फेरीच्या आत आली तर पायलट जेट लहान आहे, अडीच फेऱ्यांच्या पलीकडे गेली तर मोठा.

पुढचं ठरवायला थ्रॉटलच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. आठव्या भागापर्यंत पायलट आणि हवेचा स्क्रू, तिथून पावपर्यंत पिस्टनची तिरकी कड, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. गाडी कुठे अडखळते ती खूण वाचा आणि तेवढंच बदला. जाड की पातळ, हे चोक सांगतो: अडखळते त्याच खुणेवर मूठ धरून चोक थोडा लावा. सुधारली तर मिश्रण पातळ आहे, आणखी बिघडली तर जाड. सुईची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर येते आणि मिश्रण जाड होतं. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

मात्र आधी दोन गोष्टी बघा. कार्बचा पिस्टन बोटाने पुढे-मागे हलवा; खडखड वाजत असेल तर बॉडी झिजलीय, कडेने हवा शिरते आणि स्लो कधीच स्थिर होणार नाही. दुसरं, कार्ब आणि हेडमधल्या जोडावर, इंजिन स्लोवर असताना, पिचकारीने थोडं साधं पाणी मारा. आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय. फ्लँज (जोडाची चपटी कड) कितीही आवळू नका, ती वाकते; काचेवर पॉलिशपेपर ठेवून सपाट घासा आणि नवा ओ-रिंग टाका.

प्लगच्या रंगावर फार विसंबू नका. शिसं नसलेल्या पेट्रोलमध्ये तो जुन्या पुस्तकांतला बदामी रंग क्वचितच दिसतो.

प्रश्न: टू-स्ट्रोक येझदी २५०. पांढरा धूर थांबत नाही. ऑइल कमी करून बघितलं, धूर तसाच. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिन कधी कधी पळतच राहतं.

ऑइलचं प्रमाण आधी मूळ जागी आणा, लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे १:२५. कमी करून तुम्ही क्रँकच्या बेअरिंगचं नुकसान करताय. जास्त ऑइलनेही उपाय होत नाही: जेटमधून तेवढंच द्रव जातं, त्यात ऑइल जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि मिश्रण उलट पातळ होतं.

तुमची दोन्ही लक्षणं क्रँकच्या ऑइल सीलची आहेत. उभ्या गाडीत सील वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. गिअरबॉक्सची पातळी बघा, बाहेर गळती नसताना ती उतरत असेल तर खात्री झाली. डायनॅमोच्या बाजूचं गेलं तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन पळत राहतं. अशी गाडी चालवत राहिलात तर पिस्टन सीज होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. पूर्ण खात्रीसाठी इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने ०.४ बार दाब भरा. मिनिटाला ०.०७ बारपेक्षा जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. ०.४ बारहून जास्त दाब भरू नका, चांगली सीलंही बाहेर येतात.

सील बदलताना दोन्ही एकदम बदला. शाफ्टवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील अर्धा-एक मि.मी. आत-बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागी आणा.

सायलेन्सरच्या बॅफलवरचा (आतल्या नळीवरचा) कार्बन कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवून निघतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. हातमोजे आणि चष्मा लागतोच. अ‍ॅल्युमिनियमचा एकही तुकडा त्यात जाऊ देऊ नका, तो विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो.

प्रश्न: टाकीच्या आत गंज आहे. खडे टाकून हलवायची की अ‍ॅसिड?

खडे आत अडकतात, आणि कडक अ‍ॅसिड जिथे पत्रा पातळ आहे तिथेच भोक पाडतं. लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात घाला, कॉक काढून भोक बुचाने बंद करा, टाकी काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज चढतो. एक-दोन दिवसांनी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच, त्याच क्षणी, गरम हवेने वाळवा. धुतलेला पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. वाळली की पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून सगळीकडे फिरवा. गंज फार असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस: चार्जरची निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत लटकवलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला टेकू देऊ नका आणि ती स्टेनलेसची नको, विषारी क्रोमियम सुटतं. उघड्यावर करा.

प्रश्न: सहा व्होल्टचा हेडलाइट मिणमिणतो. बारा व्होल्ट करू?

आधी अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी बॉडीची जोडणी, तपासा. ३५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर २.९ अँपिअर घेतो, सहावर ५.८. तितक्याच वायरीत दुप्पट करंट, म्हणून वाटेत खर्च होणारं व्होल्टेजही दुप्पट. गंजलेल्या जोडांत अर्धा व्होल्ट जरी खर्च झाला तरी उजेड जवळजवळ पाव भागाने कमी होतो. बल्बच्या दोन टोकांवर आणि मग बॅटरीवर व्होल्टेज मोजा. हेडलाइटपासून थेट बॅटरीपर्यंत वेगळी जाड अर्थ वायर टाका आणि तेव्हाच बारा व्होल्टचा विचार करा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो. वायर जोडण्याआधी बघा, एलईडी उलट जोडलेला चालत नाही.

प्रश्न: फ्रेमला पावडर कोटिंग करावं की साधा रंग?

मूळ रंग अजून टिकून असेल तर दोन्ही नको, धुऊन मेण लावा. मूळ रंग एकदाच मिळतो. पावडर करायचीच असेल तर फ्रेमवरचा चेसिस नंबर आधी स्वच्छ करून त्याचा फोटो काढा आणि तो झाकून घ्या. सँडब्लास्टिंगमध्ये आणि जाड थराखाली उथळ आकडे वाचता येत नाहीत. स्टेअरिंगच्या कपच्या जागा, स्विंगआर्मची बुशं आणि इंजिन बसतं त्या कानांचे सपाट भागही झाका, नाहीतर जोडताना कानशीने घासत बसाल. आणि अर्थ वायरच्या बोल्टखाली नाण्याएवढी जागा उघडी ठेवून तिला ग्रीस लावा.